भार हलका झाला, की नुसता वाटला?

(काही इंग्रजी शब्द आणि त्यांच्या पोटातले पदार्थविज्ञान)



गेल्या सहामाहीचे पेपर तपासताना अकरावीतील एका मुलाच्या उत्तरापाशी माझा हात थांबला. ‘तरफेचा उपयोग लिहा’ असा साधा प्रश्न होता. मुलगा हुशार, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेला. आमच्याकडे अकरावीला विज्ञान इंग्रजीतून शिकवतात, म्हणून त्याने इंग्रजीत लिहिले होते, की तरफ ‘वर्क’ला ‘रिलीव्ह’ करते. म्हणजे तरफेने कार्य हलके होते. मी अर्धा गुण कापला.

पेपर दाखवले त्या दिवशी तो माझ्याकडे आला. “सर, ‘रिलीव्ह’ म्हणजे कमी करणे. शब्दकोशात तसेच दिले आहे. मग माझे चुकले कोठे?” असे म्हणून त्याने वहीची मागची पाने उघडली. तेथे त्याने शब्दांची यादी केली होती. रिलीव्ह, ॲलिव्हिएट, मिटिगेट, मॉलिफाय, अस्वेज, अबेट, सूद, पॅलिएट. आणि या आठही शब्दांपुढे एकच अर्थ होता : ‘कमी करणे, शांत करणे’.

यादी पाहून माझ्या लक्षात आले, की चूक त्याची एकट्याची नाही. तुमच्यापैकी पुष्कळांच्या वहीत अशी यादी असेल. माझ्याही होती. परंतु ‘अडचण कमी झाली’ एवढे ऐकून पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्याचे समाधान होता कामा नये. त्याने लगेच दोन प्रश्न विचारले पाहिजेत. नेमके काय कमी झाले? आणि काय होते तेवढेच राहिले? हे दोन प्रश्न हाताशी धरून आज आपण या शब्दांकडे पाहू या.

(शब्दांचे उच्चार येथे नागरीत दिले आहेत. त्यांची स्पेलिंगे तुम्ही स्वतः शब्दकोशातून शोधून वहीत लिहा. स्वतः शोधलेला शब्द सहसा विसरत नाही.)

लघु, मृदु आणि स्वादु

यादीतील बरेच शब्द इंग्रजीत लॅटिन भाषेतून, काही फ्रेंचच्या वाटेने, आले आहेत. प्रत्येकाच्या पोटात एक चित्र आहे.

‘ॲलिव्हिएट’ घ्या. लॅटिनमध्ये ‘लेविस’ म्हणजे हलका. म्हणून ॲलिव्हिएट म्हणजे ‘हलके करणे’. याच ‘लेविस’पासून ‘लेवारे’, म्हणजे ‘उचलणे’, हे क्रियापद झाले. कारण जे हलके असते ते वर उचलता येते. ‘रिलीव्ह’ हा त्याचाच वंशज. पुढची गंमत पाहा. तरफेला इंग्रजीत ‘लिव्हर’ म्हणतात, तेही याच ‘लेवारे’पासून आणि वर नेणारा ‘एलिव्हेटर’ही त्यातलाच. म्हणजे आमच्या विद्यार्थ्याने ‘लिव्हर रिलीव्ह करते’ असे लिहिले, तेव्हा नकळत एकाच घरातील दोन भावंडे त्याने एका वाक्यात आणून बसवली होती!

‘मॉलिफाय’मध्ये लॅटिन ‘मॉलिस’, म्हणजे मऊ. ‘अस्वेज’मध्ये ‘सुआविस’, म्हणजे गोड. आता हे तीन लॅटिन शब्द आपल्या ओळखीच्या तीन संस्कृत शब्दांशेजारी ठेवा :

लेविस : लघु
मॉलिस : मृदु
सुआविस : स्वादु

हे साम्य योगायोगाचे नाही. लॅटिनने हे शब्द संस्कृतातून घेतले नाहीत आणि संस्कृतने लॅटिनमधूनही घेतले नाहीत. दोन्ही भाषा त्यांच्याहूनही जुन्या अशा एका भाषेतून निघाल्या, म्हणून हे शब्द चुलत भावंडांसारखे आहेत. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे मूळ एक असावे, हा विचार विल्यम जोन्स यांनी 1786 साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढील भाषणात मांडला आणि तेथून भाषांच्या तुलनेला जोर आला. इंग्रजीतील ‘लाइट’ (हलका या अर्थाचा) आणि ‘स्वीट’ हे शब्दही याच गोतातले. फुप्फुसाला इंग्रजीत ‘लंग’ म्हणतात, त्याचे मूळही तेच. हा अवयव इतका हलका, की पाण्यावर तरंगतो. आणि आपले मराठी ‘हळू’ व ‘हलका’? संस्कृत ‘लघुक’ याचे प्राकृतात अक्षरांची अदलाबदल होऊन ‘हलुअ’ झाले. त्याच वाटेवरचे हे शब्द आहेत.

तेव्हा ‘ॲलिव्हिएट’ हा शब्द पाहून बिचकू नका. ‘लघु’ करणे, एवढाच त्याचा मूळ अर्थ आहे.

उरलेले शब्द थोडक्यात पाहू. ‘मिटिगेट’मध्ये लॅटिन ‘मिटिस’ म्हणजे सौम्य, सौम्य करणे. ‘अबेट’ जुन्या फ्रेंचमधून आला, त्याचा अर्थ ‘झोडपून खाली पाडणे’. ‘सूद’ हा अस्सल जुना इंग्रजी शब्द; तो ‘सत्य’ या अर्थाच्या शब्दापासून निघाला. आधी त्याचा अर्थ ‘खरे आहे असे म्हणणे’ असा होता, मग ‘हो ला हो म्हणून खूष ठेवणे’ असा झाला आणि शेवटी ‘शांत करणे, फुंकर घालणे’ असा स्थिरावला. आठवा ‘पॅलिएट’, त्याच्याकडे शेवटी येऊ. त्याची मला एक जुनी आठवण आहे.

चित्रे कळली. आता ही चित्रे प्रयोगशाळेत नेऊ.

डोक्यावरची चुंबळ

पाण्याने भरलेली घागर डोक्यावर घेताना खाली कापडाची चुंबळ ठेवतात. चुंबळ ठेवली की भार हलका वाटतो. खरोखर हलका होतो का?

समजा, भरलेल्या घागरीचे वस्तुमान 15 किलोग्रॅम आहे. गुरुत्वत्वरण सोयीसाठी 10 धरले, तर तिचे वजन 150 न्यूटन. चुंबळ नसताना घागरीचा बूड आणि डोके यांचा स्पर्श थोड्याच जागी होतो. ती जागा 5 वर्ग सेंटिमीटर धरा. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. हिशेब केला तर हा दाब 3,00,000 पास्कल येतो. आता चुंबळीमुळे तेच वजन समजा 75 वर्ग सेंटिमीटरवर पसरले. दाब 20,000 पास्कल झाला. म्हणजे पंधरावा हिस्सा!

कमी काय झाले? दाब. तेवढेच काय राहिले? वजन. मानेच्या मणक्यांना विचारा. त्यांना 150 न्यूटन पेलायचे होते, तेवढेच आताही पेलायचे आहे. उलट चुंबळीचे वजन वाढलेच! टाळूचे दुखणे गेले, मानेचे राहिले. येथे ‘चुंबळ दाबाला रिलीव्ह करते’ हे वाक्य बरोबर आहे. ‘चुंबळ वजन कमी करते’ हे चूक आहे.

करून पाहा : बाजाराची भरलेली पिशवी बंदाला धरून दोन मिनिटे उभे राहा. मग बंदाखाली हातरुमालाची जाड घडी ठेवून पुन्हा दोन मिनिटे उभे राहा. बोटांना काय जाणवते आणि खांद्याला काय जाणवते, ते वेगवेगळे लिहा.

पहारीने धोंडा हलवताना

आता ज्या उत्तराचा अर्धा गुण गेला, त्याकडे वळू. शेतातला मोठा धोंडा हलवायचा आहे. त्याचा 2000 न्यूटन भार पहारीच्या टोकावर येतो. टेकूपासून धोंड्यापर्यंतची भारभुजा 15 सेंटिमीटर आणि हातापर्यंतची बलभुजा 150 सेंटिमीटर. भुजांचे गुणोत्तर 1 : 10, म्हणून हाताला फक्त 200 न्यूटन बल लावावे लागेल. दहा माणसांचे काम एकाने केल्यासारखे वाटते.

परंतु धोंडा 5 सेंटिमीटर वर यायचा असेल, तर हाताला किती खाली जावे लागेल? दहापट, म्हणजे 50 सेंटिमीटर. आता कार्य मोजा.

धोंड्यावर झालेले कार्य : 2000 न्यूटन गुणिले 0.05 मीटर, म्हणजे 100 ज्यूल.
हाताने केलेले कार्य : 200 न्यूटन गुणिले 0.5 मीटर, म्हणजे 100 ज्यूल.

एका ज्यूलचाही फायदा नाही. (घर्षण धरले तर थोडा तोटाच.) तरफेने बल कमी केले, कार्य होते तेवढेच राहिले. किंमत तीच, फक्त हप्त्याहप्त्याने दिली. त्या मुलाने ‘वर्क’ऐवजी ‘एफर्ट’, म्हणजे लावलेले बल, असे लिहिले असते, तर पूर्ण गुण मिळाले असते. सबंध वाक्यात चूक होती ती एका नामाची. ‘रिलीव्ह’ चुकले नव्हते. कशाला रिलीव्ह केले, ते चुकले होते.

झेल घेणाऱ्याचे हात

क्रिकेटमध्ये वेगाने आलेला चेंडू झेलताना खेळाडू हात मागे नेतो. चेंडूचे वस्तुमान सुमारे 160 ग्रॅम असते. त्याचा वेग सेकंदाला 20 मीटर धरा. त्याचा संवेग 3.2 किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद. हात ताठ ठेवून चेंडू एका सेकंदाच्या शंभराव्या भागात थांबवला, तर हातावर सरासरी 320 न्यूटन बल येते. हात मागे नेऊन तोच चेंडू एका सेकंदाच्या दहाव्या भागात थांबवला, तर बल 32 न्यूटन होते.

चेंडू तोच, त्याचा वेग तोच, आणि गेलेला संवेगही तोच. बदलला तो काळ. काळ दहापट झाला आणि तडाखा दहावा हिस्सा झाला. आघात टळला नाही. तो सौम्य झाला. ‘मिटिगेट’ या शब्दाचे इतके स्पष्ट चित्र दुसरे नसेल. शिरस्त्राणातील फोमचे अस्तर, काचसामानाच्या खोक्यातील गवत, उंच उडीच्या खड्ड्यातील वाळू ही सगळी हेच काम करतात. वाळूमुळे तुमचे पडणे काही थांबत नाही. पडण्याचा परिणाम तेवढा मऊ होतो.

म्हणूनच ‘मिटिगेट’ या शब्दापाठोपाठ बहुधा परिणाम, धोका, हानी अशा अर्थाचे शब्द येतात. ‘वादळाला मिटिगेट केले’ असे कोणी म्हणत नाही. वादळाच्या हानीला मिटिगेट करतात. वादळ स्वतःहून ओसरले तर ते ‘अबेट’ झाले असे म्हणतात.

येथे एक सावधगिरी सांगतो. मूळ अर्थ लक्षात ठेवण्यासाठी उपयोगी असतो, पण तो कायदा नव्हे. शास्त्रात एखाद्या शब्दाची व्याख्या ठरली, की ती व्याख्याच मानायची. हवामानबदलाच्या शास्त्रात ‘मिटिगेशन’ म्हणजे कार्बन डायऑक्साइडसारख्या वायूंचे उत्सर्जन घटवणे आणि ते शोषून घेणारी जंगले वगैरे वाढवणे. तेथे हात कारणालाच घातलेला आहे. बदललेल्या हवामानाशी जुळवून घेण्यासाठी बांध उंच करणे, कमी पाण्याची पिके घेणे याला ‘ॲडॅप्टेशन’ असा वेगळा शब्द आहे. 2015 च्या पॅरिस करारात या दोन गोष्टींसाठी वेगवेगळी कलमे आहेत. परीक्षेत दोन्हींची गल्लत करू नका.

कुकरची शिट्टी

स्वयंपाकघरात रोज ‘रिलीफ’चा प्रयोग चालतो. कुकरच्या झाकणावर वाफ जाण्याची बारीक नळी असते आणि तिच्यावर आपण वजन ठेवतो, ज्याला घरी ‘शिट्टी’ म्हणतात. समजा, नळीच्या तोंडाचे क्षेत्रफळ 7 वर्ग मिलिमीटर आहे आणि शिट्टी 70 ग्रॅमची आहे. शिट्टीचे वजन 0.7 न्यूटन. भागाकार केला तर 1,00,000 पास्कल येतात, म्हणजे जवळजवळ एका वातावरणाएवढा दाब. आतला दाब बाहेरच्यापेक्षा एवढा वाढला, की वाफ शिट्टीला उचलते, सूं करून बाहेर पडते, दाब उतरतो आणि शिट्टी पुन्हा बसते. आत एकूण दाब सुमारे दोन वातावरणांचा असल्यामुळे पाणी 100 ऐवजी सुमारे 120 अंश सेल्सिअसला उकळते आणि डाळ लवकर शिजते.

अशा झडपेला इंग्रजीत ‘रिलीफ व्हाल्व्ह’ म्हणतात. आठवा, ‘रिलीव्ह’चा मूळ अर्थ उचलणे. येथे शिट्टी खरोखरच उचलली जाते! दनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1679 साली लंडनमध्ये कुकरचा पूर्वज तयार केला. त्याच्या झडपेवर वजन टांगलेली एक तरफ होती.

आता आपले दोन प्रश्न. कमी काय झाले? आतला दाब. तेवढेच काय राहिले? खालची आच. जोवर आच चालू आहे तोवर शिट्ट्या होतच राहणार. झडपेचे काम दाब मर्यादेत ठेवणे हे आहे, विस्तव विझवणे नव्हे. वाफेची नेहमीची वाट बुजली आणि ताप फारच वाढला, तर पुष्कळ कुकरांत दुसरी सुरक्षा-झडप असते. तिच्यातील लवकर वितळणारा धातू वितळून वाफेला वाट मिळते. (शिट्टी हाताने दाबून किंवा तिच्यावर काही ठेवून प्रयोग करू नका. हा हिशेब कागदावरच करायचा आहे.)

पांघरूण

आता ‘पॅलिएट’. लॅटिनमध्ये ‘पॅलिअम’ म्हणजे अंगावर घ्यायचे वस्त्र, झगा. पॅलिएट म्हणजे ‘वस्त्राने झाकणे’. कोणाचा अपराध झाकून सौम्य करून सांगणे, यालाही इंग्रजीत हाच शब्द आहे. आपण मराठीत काय म्हणतो? चुकीवर ‘पांघरूण घालणे’. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकच चित्र निवडले.

परंतु वैद्यकात या शब्दाचा अर्थ फार गंभीर आहे. तो मी ज्या प्रकारे शिकलो, ते तुम्हांला सांगतो.

1996 साली मी अकरावीत होतो. आजोबांना पोटात गाठ झाली होती. वडील त्यांना शहरातल्या मोठ्या रुग्णालयात दाखवून आले. बरोबर एक इंग्रजी कागद होता. तेथे डॉक्टर काही बोलले होते, पण गर्दीत आणि घाईत वडिलांना त्यातले थोडेच कळले. घरात इंग्रजी शिकणारा मी एकटा. सगळे माझ्याभोवती बसले. कागदावर शेवटी ‘पॅलिएटिव्ह ट्रीटमेंट’ असे शब्द होते. मी खिशातला शब्दकोश काढला. त्यात ‘आराम देणारे’ असे लिहिले होते. मी मोठ्या रुबाबात सांगितले, “आराम पडेल असे लिहिले आहे.”

आता मराठीत ‘आराम पडणे’ याचे दोन अर्थ होतात. दुखणे थोडे सुसह्य होणे, हा एक. आणि दुखण्यातून बरे होणे, हा दुसरा. घरातल्या सर्वांनी दुसरा घेतला. मीही तोच घेतला. आजीने देवापुढे साखर ठेवली. काका तेव्हा भिलाईला नोकरीस होते. त्यांनी निघायची तयारी केली होती. वडिलांनी एसटीडी बूथवरून फोन करून त्यांना कळवले, “घाई करू नकोस, आराम पडतो आहे. दिवाळीत सवडीने ये.”

औषधाने आपले काम चोख केले. आजोबांच्या वेदना पुष्कळ कमी झाल्या. ते शांत झोपू लागले, नातवंडांशी बोलू लागले. त्यामुळे आमची खात्री आणखी पटली. गाठ मात्र होती तेथेच होती आणि वाढत होती. दिवाळीच्या तीन आठवडे आधी आजोबा गेले. काका पोहोचले ते दुसऱ्या दिवशी.

कोणी मला बोलले नाही. मुलगाच तो, असे सगळ्यांनी मानले असेल. पण कागदावर शब्द होता तो ‘झाकणे’ या अर्थाचा. मी जर ‘नेमके काय कमी होणार आणि काय तसेच राहणार?’ एवढे विचारले असते किंवा तो कागद घेऊन गावातल्या डॉक्टरांकडे गेलो असतो, तर काका आठ दिवस बापाजवळ बसू शकले असते. त्या कागदात तेवढा वेळ लिहून दिलेला होता. तो आम्हांला वाचता आला नाही.

यावरून ‘पॅलिएटिव्ह’ उपचार हलके किंवा बिनकामाचे, असे मात्र समजू नका. रोग हटवता येत नाही तेथे वेदना हटवणे, हे स्वतःच मोठे शास्त्र आहे. लंडनमध्ये डॉ. सिसिली साँडर्स यांनी 1967 साली अशा रुग्णांसाठी सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस सुरू केले. आपल्या देशातले असे पहिले केंद्र 1986 साली मुंबईत वांद्र्याला सुरू झाले. त्याचे नाव ‘शांती अवेदना’. नावात ‘अरोग’ नाही, ‘अवेदना’ आहे, हे पाहा. काय कमी करणार आणि कशाचे वचन देत नाही, हे त्या एका शब्दात प्रामाणिकपणे सांगितले आहे.

मुळाला हात घालणारे शब्द

मग अडचण खरोखर नाहीशी झाली, तर कोणता शब्द वापरायचा? इंग्रजीत ‘इरॅडिकेट’ आहे. लॅटिन ‘रॅडिक्स’ म्हणजे मूळ. इरॅडिकेट म्हणजे मुळासकट उपटणे. आपला ‘निर्मूलन’ शब्द अगदी तसाच घडला आहे. देवी रोगाचे निर्मूलन झाले. नैसर्गिक रीतीने देवी झालेला जगातला शेवटचा रुग्ण 1977 साली सोमालियात आढळला आणि 1980 साली जागतिक आरोग्य संघटनेने हा रोग नाहीसा झाल्याचे जाहीर केले. येथे शब्द पूर्ण खरा आहे.

पण एक गोष्ट पाहा. इंग्रजी कागदपत्रांत ‘पॉव्हर्टी ॲलिव्हिएशन’ असे लिहिलेले असते. त्याचे मराठी बहुधा ‘दारिद्र्य निर्मूलन’ असे करतात. इंग्रजी शब्द म्हणतो, ‘भार हलका करू’. मराठी शब्द म्हणतो, ‘मूळ उपटून टाकू’. एकाच योजनेची ही दोन वचने आहेत आणि ती सारखी नाहीत. तुमच्या आजीआजोबांना 1972 चा दुष्काळ आठवत असेल. तेव्हा खडी फोडण्याची, रस्त्यांची, पाझर तलावांची जी कामे निघाली, त्यांना मराठीत ‘दुष्काळी कामे’ आणि इंग्रजीत ‘रिलीफ वर्क्स’ म्हणत. खडी फोडून पाऊस पडत नाही. मजुरी मिळाली, चूल पेटली, भार तेवढा उचलला गेला. म्हणून ‘रिलीफ’ हा शब्द बरोबर. पाझर तलावाने मात्र थोडा पुढचाही विचार केला. पुढे पाऊस कमी झाला तरी विहिरींना पाणी राहावे, हा त्यामागचा हेतू. एकाच हजेरीपटावरच्या दोन कामांना आपले दोन प्रश्न विचारले, की फरक कळतो.

आणखी एक शब्द तुमच्या रोजच्या वापरातला आहे : ‘सॉल्व्ह’. लॅटिनमध्ये त्याचा मूळ अर्थ ‘सैल करणे, मोकळे करणे’. म्हणूनच गणिताच्या उत्तराला आणि मिठाच्या द्रावणाला इंग्रजीत एकच ‘सोल्यूशन’ हा शब्द आहे. आपणही गणित ‘सोडवतो’. गाठ सोडवावी तसे. गाठ सोडवली की ती झाकावी लागत नाही आणि उचलावीही लागत नाही.

कोणता शब्द कोठे?

वहीच्या मागच्या पानावर आता असे लिहा :

ॲलिव्हिएट : हलके करणे. वेदना, दुःख, गरिबी, गर्दी यांबरोबर.
रिलीव्ह : भार उचलणे. दाब, ताण, वेदना यांबरोबर. माणसाला कामावरून ‘रिलीव्ह’ केले, म्हणजे त्याच्यावरील जबाबदारी काढून घेतली.
मिटिगेट : सौम्य करणे. परिणाम, धोका, हानी यांबरोबर. ‘विरुद्ध जाणे’ या अर्थाचा ‘मिलिटेट’ हा शब्द वेगळा. तो सैनिक या अर्थाच्या शब्दापासून आला. दोन्हींत घोटाळा करू नका.
मॉलिफाय : मऊ करणे. रागावलेल्या माणसाबरोबर.
अस्वेज : गोड करणे. भूक, शोक, भीती यांबरोबर.
सूद : फुंकर घालणे. रडणारे मूल, भाजलेली त्वचा यांबरोबर.
अबेट : खाली येणे, ओसरणे. वादळ, पूर, गोंगाट यांबरोबर.
पॅलिएट : झाकणे. लक्षणे कमी होतात, रोग राहतो.

प्रत्येक शब्दापुढे तिसरा रकाना आखा आणि त्यात ‘काय तसेच राहते?’ हे तुमच्या मनाने भरा. शब्दकोशात हा रकाना नसतो.

त्या विद्यार्थ्याचा अर्धा गुण मी परत दिला नाही. त्याने मागितलाही नाही. पुढच्या आठवड्यात मात्र तो वही घेऊन आला. ‘लिव्हर’पुढे त्याने लिहिले होते, ‘बल कमी, कार्य तेवढेच’. आणि ‘पॅलिएट’पुढचा रकाना मोकळा ठेवून त्याने मला विचारले, “सर, येथे काय लिहू?” मी त्याला आजोबांची गोष्ट सांगितली. तीच आज तुम्हांला सांगितली.

स्वाध्याय

1. उतारावर फळी टाकून पिंप ट्रकमध्ये चढवतात. फळीमुळे काय कमी होते? काय तेवढेच राहते? (घर्षण सोडून द्या.)

2. शाळेच्या दप्तराचे पट्टे रुंद केले. ‘दप्तराचे ओझे कमी केले’ हे विधान बरोबर आहे का?

3. ताप उतरवणाऱ्या गोळीने ताप उतरला. यावरून रोग बरा झाला, असे म्हणता येईल का? या गोळीच्या कामासाठी यादीतील कोणता शब्द जवळचा वाटतो?

4. गावाच्या नदीला पूर येतो. (अ) पूर आल्यावर लोकांना धान्य वाटले. (आ) पुराच्या वाटेवरची घरे उंच जोत्यावर बांधली. ‘रिलीफ’ कोणते आणि ‘मिटिगेशन’ कोणते? कारण द्या.

5. घंटेचा टोल पडल्यावर तिला हात लावला, की नाद लगेच थांबतो. तिच्यातील ऊर्जा गेली कोठे?

उत्तरे : (1) लावावे लागणारे बल कमी होते, कारण अंतर वाढते, कार्य तेवढेच राहते. (2) नाही, खांद्यावरील दाब कमी झाला, वजन तेवढेच राहिले. (3) नाही, ताप हे लक्षण आहे. ‘ॲलिव्हिएट’ किंवा ‘पॅलिएट’. (4) ‘अ’ रिलीफ, कारण आलेल्या संकटाचा भार उचलला. ‘आ’ मिटिगेशन, कारण पूर आला तरी त्याची हानी सौम्य होईल. (5) कंपनांची ऊर्जा हाताच्या मऊ भागात शिरून तिची उष्णता झाली. तिचे प्रमाण इतके अल्प असते, की ती हाताला जाणवत नाही.